कायम पत्त्याचे प्रकरण

विषय : बाहेरच्या खोलीतील संगणकास कायमचा पत्ता देण्याबाबत.
संदर्भ : सूनबाईंची तोंडी तक्रार, आदल्या संध्याकाळचा चहा.

वरील विषयाच्या अनुषंगाने नमूद करण्यात येते की, सदर संगणक हा घरातील सर्वांत जुना संगणक असून त्यास आजतागायत कायमचा पत्ता नव्हता. तो मिळवून देण्याचे काम निवृत्त हेडक्लार्कांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतले. पुढे जे झाले ते त्यामुळेच झाले. घरातील अन्य कोणाचाही यात दोष नाही. (हे शेवटचे वाक्य घरातील अन्य सर्वांच्या आग्रहावरून घातले आहे.)

हेडक्लार्क निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी जिन्यात आणि शेजारीपाजारी त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत, आणि ते त्यांना आवडत असे. घरात माणसे चार : ते, पत्नी, मुलगा आणि सूनबाई. मुलगा नोकरीपायी निम्मा महिना परगावी. त्याने जुन्या संगणकावर लिनक्स नावाची व्यवस्था बसवून दिली होती आणि म्हणाला होता, "बाबा, यंत्र जुनं आहे, पण याच्यावर अजून दहा वर्षं काम करील." हेडक्लार्कांचा लिनक्सवर जीव जडला तो तेव्हापासून. जुन्यांबद्दल इतके चांगले हल्ली कोणी बोलत नाही.

सूनबाई कॉलेजात भूगोल शिकवत. त्यांचे सगळे धडे, नकाशे, वर्गातले बोलणे, सारे या संगणकात साठवलेले होते आणि त्या आतल्या खोलीत बसून आपल्या लॅपटॉपवर ते उघडून पाहत. अडचण एकच होती. भिंतीवर टांगलेला राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देई, चार आकड्यांचा, मध्ये टिंबे असलेला. पण लाइट जाऊन आली की तो सगळे विसरे आणि पत्ते नव्याने वाटे. त्यामुळे संगणकाची गत विंचवासारखी झाली होती. बिऱ्हाड पाठीवर. काल ज्या पत्त्यावर होता तिथे आज टीव्ही राहायला आलेला असे.

आता संदर्भातील चहा.

"बाबा, उद्या अकराला माझी मुलाखत आहे," सूनबाई कपात बघत म्हणाल्या. "कायम जागेची. ऑनलाइन घेणार आहेत. त्यांना तीन धडे दाखवायचेत, आणि हा संगणक आज सकाळी पुन्हा सापडत नव्हता."

"सापडत नव्हता म्हणजे? इथेच तर आहे."

"इथे आहे हो, पण त्याचा पत्ता बदलतो. असू दे, उद्या सकाळी बघीन कुठे गेलाय ते."

"तुमच्या छत्रीसारखं आहे," पत्नी म्हणाल्या. "घरातून निघते ती आपली, पोचते ती दुसऱ्याची."

छत्रीचा उल्लेख हेडक्लार्कांनी कामकाजातून वगळला. पण 'कायम' हा शब्द त्यांच्या मनातून जाईना. सूनबाई नऊ वर्षे त्या कॉलेजात तात्पुरत्या होत्या. दर वर्षी नेमणूक संपे, दर वर्षी नवी मिळे. मिळेपर्यंतच्या दिवसांत त्या घरात फार हळू बोलत आणि कपाटे आवरत. हेडक्लार्क स्वतः सुरुवातीला सात वर्षे तात्पुरते होते. तात्पुरत्या माणसाची खुर्ची डुगडुगली तर कचेरीत ती कोणी दुरुस्त करत नाही, कारण माणूसच उद्या नसेल तर पाय कशाला ठोकायचा. त्यांनी ती सात वर्षे त्या खुर्चीवर तोल सांभाळून काढली होती. सूनबाईंची खुर्ची ठोकून देणे त्यांच्या हाती नव्हते. संगणकाची होती.

त्यांनी मुलाला फोन लावला.

"सोपं आहे बाबा," मुलगा उंटावरून म्हणाला. "मी सगळं लिहून पाठवतो, तसंच्या तसं करा. तीन गोष्टी फक्त लक्षात ठेवा. समास स्पेसबारनेच सोडा. पत्त्याचा शेवटचा आकडा तेवढा तुम्ही निवडा, पण तो दुसऱ्या कोणाला दिलेला नसावा. आणि आधी ट्राय म्हणून करून पाहा, मग पक्कं करा."

"मला शिकवू नकोस. मी तुझ्या जन्माआधीपासून मसुदे करतोय."

"म्हणूनच सांगतोय, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, खिशाला पेन लावून हेडक्लार्क संगणकासमोर बसले. (पेनाचे तिथे काही काम नव्हते. पण पेनाशिवाय त्यांना मसुदा सुचत नसे.) मुलाने पाठवलेल्या ओळी ते फोनवर पाहून एकेक अक्षर दाबत उतरवू लागले. ओळी थोड्याच होत्या, पण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी आत सरकवायची होती. स्पेसबार एकेकदा दाबत बसणे हे टंकलेखिकेचे काम. हेडक्लार्कांनी टॅबचे बटण दाबून एका फटक्यात सुरेख समास सोडला, मसुदा लांबून पाहिला आणि संगणकापुढे सादर केला.

संगणकाने तो परत केला. सातव्या ओळीत चूक आहे, असा शेरा मारून.

त्यांनी सातवी ओळ पुन्हा लिहिली. परत आली. पुन्हा लिहिली. परत. अक्षरात चूक नव्हती, आकड्यात नव्हती. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की यंत्राची तक्रार समासाबद्दल होती. आयुष्यभर त्यांनी समासासाठी लोकांचे मसुदे परत केले होते. एका टंकलेखिकेला एकच पान पाचदा करायला लावले होते, आणि ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती, 'साहेब, मजकूर तर तोच आहे ना?' हेडक्लार्क उठले, पाणी प्याले, परत बसले आणि स्पेसबार मोजून दाबू लागले.

आता उरला शेवटचा आकडा.

इथे हेडक्लार्कांनी ते केले जे जगातल्या कोणत्याही संगणकवाल्याने केले नसते. त्यांनी ज्येष्ठता पाहिली. घरात पत्ता लागणारी यंत्रे कोणकोणती, आणि कोण कधी रुजू झाले? टीव्ही चार वर्षांपूर्वी आला. सूनबाईंचा लॅपटॉप त्यानंतर. पत्नीचा टॅब त्याहून नवा. फोन तर काय, दर दोन वर्षांनी बदलणारी मंडळी. संगणक सर्वांच्या आधीचा, आणि सेवेत खंड नाही. तेव्हा पहिला क्रमांक त्याचाच. त्याला पन्नासावा किंवा शंभरावा आकडा देणे म्हणजे त्याच्या ज्येष्ठतेवर उघड उघड अन्याय.

राउटर त्यांनी गणतीतच धरला नाही. पत्ते वाटणाऱ्यालाही स्वतःचा पत्ता असतो हे त्यांच्या मनातच आले नाही. कचेरीत टपाल वाटणाऱ्या शिपायाला त्यांनी कधी कोणाचे पत्र आलेले पाहिले नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यांना दिसली. मुलाच्या मसुद्यात 'गेटवे' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढच्या पत्त्याच्या शेवटीही एकच होता. दुसरा कोणी इथे थबकला असता. हेडक्लार्कांची उलट खात्री पटली. घराचा नंबर एक, तर फाटकाचा नंबर दोन कसा असेल? फाटकावर घराचाच नंबर असतो.

सगळे लिहून झाले. आता आधी ट्राय करायचे, म्हणजे यंत्राने नवा पत्ता दोन मिनिटे लागू करायचा आणि माणसाने होकार दिला नाही तर आपण होऊन जुना परत आणायचा. हेडक्लार्कांचा हात बटणावर थांबला. दोन मिनिटांची तात्पुरती नेमणूक! आणि नंतर न विचारता काढून टाकणार! सात वर्षे त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली. ते संगणकाला म्हणाले, "तुझ्यावर ही पाळी येऊ देणार नाही," आणि त्यांनी एकदम कायमचा हुकूम सोडला.

संगणक काही बोलला नाही. वरून उत्तर आले नाही की प्रस्ताव मंजूर समजायचा, हा त्यांचा जुना अनुभव. त्यांनी पेन खिशाला नीट लावले आणि आरामखुर्चीत जाऊन डोळे मिटले.

"अहो!" स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाल्या. "हिचं तोंड उघडं राहिलं!"

"कोणाचं?"

"माझ्या बहिणीचं! टॅबवर बोलत होती, तोंड उघडलं आणि तशीच राहिली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला बोलायला मिळतंय, आणि तिला ऐकू जात नाहीये."

तेवढ्यात आतल्या खोलीचे दार उघडले. सूनबाई तयार होऊन उभ्या होत्या. केस नीट बांधलेले, चेहरा पांढरा.

"बाबा, नेट गेलं."

घड्याळात सव्वादहा झाले होते.

यानंतरची अर्धी घटका हेडक्लार्कांनी अत्यंत धैर्याने काढली, कारण आपण काही केले आहे हा संशय त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांनी नेटच्या कंपनीला फोन लावला, आणि साप साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली.

"सर, राउटर बंद करून परत सुरू करा," पलीकडची बाई म्हणाली.

"केला."

"आता आलं का?"

"आलं होतं. गेलं."

"येतं आणि जातं?"

"बाई, ते जावई आहे का? यायचं तर राहायला यावं!"

"सर, घरात काही बदल केलाय का?"

"आमच्या घरात," हेडक्लार्क आवाज चढवून म्हणाले, "कधीही, कुठलाही बदल होत नाही!"

"ते खरं आहे हो," पत्नी मागून म्हणाल्या. "पडद्यांचं विचारा त्यांना."

सूनबाईंनी वाद ऐकला नाही. त्यांनी लॅपटॉप उचलला आणि गॅलरीकडे धाव घेतली, कारण फोनला जेमतेम रेंज मिळे ती तेवढ्या एका कोपऱ्यात. वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवला, फोनचे नेट त्याला जोडले. चित्र आले. पण चित्रात सूनबाईंच्या मागे दोरीवर हेडक्लार्कांचे दोन बनियन आणि पट्ट्यांचा पायजमा पाणी गाळत होते.

"मुलाखतीत हे दिसणार?" पत्नी म्हणाल्या. "शोभा होईल. अहो, इकडे या. ही चादर धरून उभे राहा."

"मी?"

"मग काय पायजम्याला सांगू?"

अशा रीतीने अकरा वाजता, सूनबाईंच्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या मुलाखतीस प्रारंभ झाला तेव्हा त्यांच्या पाठीमागे एक पांढरी ओली चादर होती आणि चादरीच्या पाठीमागे, दोन्ही हात वर करून, निवृत्त हेडक्लार्क.

आरंभीचे प्रश्न बरे गेले. मग समितीतल्या तज्ज्ञांचा आवाज आला, "मॅडम, आपण धडे दाखवणार होता."

"हो सर. पण ते घरातल्या संगणकात आहेत, आणि घरातलं नेट सकाळी अचानक बंद पडलं. ते उतरवून घ्यायलाही वेळ उरला नाही."

"मग?"

चादरीमागे हेडक्लार्कांनी भिंतीकडे पाहिले. नऊ वर्षांचे धडे त्यांच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होते, आणि आपला नवा पत्ता सांभाळत स्वस्थ बसले होते.

"मग इथेच शिकवते," सूनबाई म्हणाल्या. "वली पर्वत कसे तयार होतात. बाबा, चादर जरा पुढे आणा. खाली. आडवी धरा."

हेडक्लार्क पुढे आले आणि चादरीमागे वाकले. चादर आडवी झाली. वरती त्यांचे हात तेवढे चित्रात आले.

"ही जमीन. हे दोन हात म्हणजे दोन भूपट्ट. आता ते एकमेकांकडे सरकू लागतात. बाबा, हळूहळू. याला कोट्यवधी वर्षं लागतात."

काम सावकाश करण्याचा हेडक्लार्कांना दांडगा अनुभव होता. त्यांनी हात अशा बेताने जवळ आणायला सुरुवात केली की थोड्या वेळाने तज्ज्ञच म्हणाले, "वर्षं थोडी कमी केलीत तरी चालेल."

चादरीला सुरकुती आली, सुरकुतीची घडी झाली, घडी उंच उठली. ओल्या कापडाची रांगच्या रांग उभी राहिली, मध्ये दऱ्या, आणि एका दरीतून पाणी थेंब थेंब खाली टपकू लागले. "आणि ही नदी," सूनबाई शांतपणे म्हणाल्या. त्या वर्गात अशाच बोलत असतील, असे हेडक्लार्कांना वाटले. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेला शिकवताना एकदाही ऐकले नव्हते.

"मॅडम, उजवीकडचा पर्वत थरथरतोय."

"भूकंप, सर. पट्ट दाबले गेले की ताण साठतो."

"अगं, दंड भरून आले माझे," चादर पुटपुटली.

"साठलेला ताण असा बाहेर पडतो," सूनबाई म्हणाल्या.

समितीत कोणीतरी खोकले. बहुधा खोकलेच. मग अध्यक्षबाईंनी विचारले, "नऊ वर्षं तात्पुरत्या आहात. काही अडचण येते का?"

"अडचण अशी नाही, मॅडम. स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या कपाटावर नावाची पाटी आहे. माझं नाव खडूनं लिहितात. सुट्टीत कोणीतरी फडकं मारतं, मग जूनमध्ये मी परत लिहिते. अक्षर माझं चांगलं आहे, म्हणून मलाच लिहायला सांगतात."

पर्वत खचला. हेडक्लार्कांचे हात आपोआप खाली आले आणि चादरीच्या वर त्यांचे डोळे, मग नाक, मग खिशाचे पेन असे एकेक दिसू लागले.

"हे कोण?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माझे सासरे."

"नेहमी असे मागे उभे असतात?"

"नाही मॅडम. आज तात्पुरते."

"ठीक आहे. निर्णय कळवू," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि चित्र गेले.

सूनबाई तशाच वॉशिंग मशीनला टेकून उभ्या राहिल्या. हेडक्लार्कांना काही तरी बोलायचे होते. चादर खाली ठेवावी की धरून ठेवावी हेही त्यांना कळेना. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून पत्नी ओरडल्या,

"आली! हलली! बहीण हलली!"

"तू काय केलंस?" हेडक्लार्क चादरीसकट धावले.

"मी कशाला काय करतेय? इस्त्रीला जागा नव्हती म्हणून तुमच्या त्या खोक्याची पिन काढली, आणि थोड्या वेळात ही आपली बोलायलाच लागली."

हेडक्लार्कांनी इस्त्रीची पिन काढून संगणकाची लावली. संगणक सुरू झाला. थोड्या वेळाने बहिणीचे तोंड उघडे राहिले. त्यांनी पिन काढली. तोंड मिटले. पुन्हा लावली. उघडे. टॅबमधून अधूनमधून बहिणीचा आवाज येई, "अगं, हे काय चाललंय तुमच्या घरी?" आणि अर्धाच राही. तिसऱ्या खेपेला सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात फोन होता, आणि फोनवर मुलगा.

"बाबा, शेवटचा आकडा कोणता दिलात?"

"एक."

"बाबा, एक राउटरचा असतो. सगळं घर बाहेर जाताना त्या एक नंबरला विचारून जातं. तुम्ही दुसरा एक नंबर उभा केलात. निम्मं घर चुकीच्या साहेबाकडे फायली घेऊन उभं राहिलं असणार!"

"राउटरचा?" हेडक्लार्क हळहळून म्हणाले. "पण तो तर गेल्या वर्षी लागला!"

"आणि ट्राय केलं असतंत तर दोन मिनिटांत आपोआप सुधारलं असतं!"

सूनबाईंनी फोन बंद केला. पत्नी इस्त्री हातात धरून, पुढे काय होते ते पाहत होत्या. टॅबमधली बहीणही पाहत होती.

"बाबा," सूनबाई म्हणाल्या, "एक नंबरच का दिलात?"

"सर्वांत जुना आहे म्हणून," हेडक्लार्क जमिनीकडे बघत म्हणाले. "नऊ वर्षं तुझं सगळं सांभाळतोय. रोज पत्ता पुसतात त्याचा. म्हटलं, कोणीतरी एकदा त्याला पक्का करून टाकावं. निदान त्याला."

सूनबाईंनी खाली पडलेली चादर उचलली, एक टोक सासऱ्यांच्या हाती दिले, आणि दोघांनी मिळून तिची घडी केली. घडी झाल्यावर त्या संगणकासमोर बसल्या, मुलाला परत फोन लावला, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे संगणकाला पन्नासावा आकडा दिला. आधी ट्राय केले. यंत्राने विचारले, ठेवायचे का? त्यांनी हो म्हटले. मग त्यांनी आणखी एक काम केले, ते करताना हेडक्लार्कांना मान वळवायला सांगितले. त्यांनी पासवर्ड बदलला.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे.

संगणक पन्नासाव्या आकड्यावर असून लाइट गेली तरी तिथेच असतो. घरात कायम झालेला तूर्त तो एकटाच.

मुलाखतीचा निर्णय अद्याप आलेला नाही. कॉलेजात विचारणा केली असता 'प्रकरण विचाराधीन आहे' असे सांगण्यात आले. समितीतल्या एका सदस्याने मात्र सूनबाईंना जिन्यात थांबवून, भूपट्टांचे दंड आता कसे आहेत, असे विचारल्याचे समजते.

दरम्यान हेडक्लार्कांनी संगणकाचा पासवर्ड परत मिळावा म्हणून सूनबाईंकडे रीतसर लेखी अर्ज केला आहे. अर्जात एकही खाडाखोड नाही, समास दोन्ही बाजूंनी सारखा आहे, आणि शेवटी 'तात्पुरत्या स्वरूपात दिला तरी चालेल' अशी तळटीप आहे. सूनबाईंनी अर्ज वाचला, लाल पेन घेतले आणि कोपऱ्यात 'चर्चा करावी' असा शेरा मारून तो फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला. या शेऱ्याखाली कागद किती वर्षे राहू शकतो, हे हेडक्लार्कांना चांगले ठाऊक आहे. आयुष्यभर तो त्यांनीच मारला होता.

अर्ज प्रलंबित आहे.